पुढच्या चाकांचे हब

१२ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय धाकल्या,

अनेक आशीर्वाद. मोठी आहे म्हणून देते. घ्यायचे की नाही ते तू ठरव. इकडे आम्ही मजेत. गॅरेजात कामाला तोटा नाही आणि माझे हात पहिल्यासारखेच काळे.

बाबांच्या जीपचं काय काय केलं, असं तू दोनदा विचारलंस. पूर्वी उंच स्प्रिंगा बसवल्या होत्या, त्या काढून गाडी पुन्हा खाली आणली. टायर मधल्या जातीचे घेतले. चिखलातही चालतात आणि डांबरी रस्त्यावर घोंघावत नाहीत. स्टिअरिंग हलकं केलं. ड्रायव्हरची सीट चांगली वीतभर पुढे घेतली.

तू पाठवलेले हब मात्र बसवले नाहीत. डबा फळीवर तसाच आहे. रागावू नकोस, वस्तू एक नंबर आहे. आपले जुने हब, चाकांच्या मधोमध असलेल्या त्या फिरत्या चकत्या, कच्चा रस्ता लागला की खाली उतरून, दोन्ही पुढच्या चाकांवर हाताने फिरवावे लागतात, तेव्हा कुठे पुढची चाकं जोर धरतात. तुझ्या हबना आतून बटण दाबलं की झालं. बाबांचा उतरण्या-चढण्याचा त्रास वाचावा म्हणून तू ते पाठवलेस, हे कळतं मला.

सीट पुढे का घेतली, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. आईचे पाय पोचत नव्हते.

हो, जीप आता आई चालवते. ज्या जीपला हात लावायची आपली टाप नव्हती, तीच. बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय रे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, पण आहे ते बहुतेक टिकेल. तुला कळवू नकोस, असं बाबांनीच बजावलं होतं. तू सगळं टाकून धावत येशील आणि त्यांना डॉक्टरांच्या दारोदार फिरवशील, अशी त्यांना धास्ती. मीही गप्प बसले. लिहायला घेतलं की रडू यायचं, हे खरं कारण.

चावी आईकडे गेल्यावर बाबा जीपमध्ये बसेनात. सामानासारखं बसून कुठे जायचं, म्हणायचे. टेकडीपलीकडच्या तळ्यावर जाणं बंदच झालं. शेवटी आईने एकदा गाडी डांबर संपतं तिथे थांबवली आणि म्हणाली, "मला नाही जमत ते हब. तुम्ही उतरा."

जमत नाही कसलं! गॅरेजात माझ्यासमोर तिने दोन्ही पटापट फिरवले होते.

बाबा उतरले. चाचपून एक फिरवला, बॉनेटवर हात ठेवत पलीकडे गेले, दुसरा फिरवला. बसले ते हसतच.

परतताना आईने घोळ घातला. डांबरी रस्ता लागला तरी चारही चाकांचा गिअर सोडायला विसरली. वळणावर स्टिअरिंग जड, टायर कुरकुरायला लागले, गिअर जाम. ती घाबरली. बाबा शांतपणे म्हणाले, "थोडी मागे घे, मग सुटेल." सुटला. मग रस्ताभर तिला शिकवत आले आणि ती निमूटपणे ऐकत होती. आपली आई, निमूटपणे!

तेव्हापासून दर रविवारी जातात. कडेचे दगड बाबा सांगतात, समोरचं आई बघते. दोघांत मिळून एक ड्रायव्हर पुरा होतो, असं बाबाच म्हणतात. आता सांग, ते बटण मी कुठल्या तोंडाने बसवू?

तू सुट्टीत येतोयस, म्हणून हे सगळं आधी लिहिलं. आपण चौघं तळ्यावर जाऊ. डांबर संपलं की आई इंजिन बंद करेल, हब खट्कन जागेवर बसल्याचा आवाज बाबांना ऐकू यावा म्हणून. त्यांना वेळ लागेल. तुझा हात दाराकडे जाईल, माझाही जायचा. उतरू नकोस. ते आत बसून "चल" म्हणेपर्यंत आपण दोघांनी मागे गप्प बसायचं.

मागची सीट झाडून ठेवली आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई