पदवीधराने चढायचा मनोरा

सोमवार, २३ सप्टेंबर

मित्र असावेत तर असे. तोबिया, एर्मेस आणि नोएमी यांनी परस्पर ठरवून टाकलं की माझी पदवी साजरी करायची राहून गेली, हे काही बरोबर नाही. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी पिसाला, माझ्या विद्यापीठाच्या शहरात, जायचं. "तुझं शहर तू दाखव," असं नोएमीने ग्रुपवर लिहिलं. पुढे लाल बदामाचं चिन्ह नव्हतं, पण अंगठा होता.

मी इंजिनियर झालो हे जूनमध्येच जाहीर केलंय. ते खोटं नाही, थोडं आगाऊ आहे इतकंच. एक पेपर राहिलाय, बांधकामशास्त्राचा. आणि प्रबंध. प्रबंध डोक्यात तयार आहे, कागदावर उतरवायचा अवकाश. समारंभाला आम्हाला का नाही बोलावलंस असं एर्मेसने तेव्हा विचारलं होतं. मला गाजावाजा आवडत नाही, असं सांगितलं. आणि तो खरंच आवडत नाही.

मम्माला आवडतो. तिने त्याच आठवड्यात दारावरच्या घंटीशेजारी नवी पाटी लावून घेतली. 'इंजि. रेमो झानफोर्लिन.' पितळी. एवढी घाई नको, असं मी म्हणालो होतो. हे इथे नोंदवून ठेवतो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

पेपर येत्या बुधवारी, ९ तारखेला, पिसातच आहे. आमच्यासारख्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांसाठी ठेवतात तो खास ऑक्टोबरचा. म्हणजे ट्रिपच्या निमित्ताने तिथलं वातावरण अंगात भिनेल. आजपासून रोज दोन प्रकरणं. आज नाही, कारण मामाच्या दुकानात फरशांचा ट्रक आला. (दुकानात मी तात्पुरता आहे. मामाही तसंच समजतो. बोलत नाही, पण समजत असणार.)

तोबियाच्या बेकरीत गेलो होतो. पिसात मनोऱ्याशिवाय काय बघायचं, असं तो विचारत होता. मी म्हणालो, मनोऱ्याचं नावच काढू नकोस, तो पर्यटकांसाठी. पिसाचे विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत मनोरा चढत नाहीत. जो चढला त्याची पदवी गेली ती गेलीच. माझा अर्थातच असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्या सगळ्या वर्षांत वर जायचा योग आला नाही, एवढंच. एकदा पप्पा भेटायला आले होते, तेव्हा त्यांना एकट्यालाच वर पाठवलं आणि मी खाली आइस्क्रीम खात थांबलो. ते वरून बराच वेळ हात हलवत होते.

तोबिया हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता. एवढं लक्ष देण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर, सकाळी, गाडीत

पुस्तक उघडलं. पास झालेल्या माणसाला हे पुस्तक कशाला लागतं, असं एर्मेसने विचारलं. एर्मेस ट्रॅक्टर विकतो, त्याला वाचनाचा आनंद काय समजणार. मजा म्हणून वाचतोय, म्हणालो. मग मजा येतेय असा चेहरा करून बोलोन्यापर्यंत बसावं लागलं. तिथून पुढे झोप लागली.

शनिवार, दुपारी

मी इथला म्हणून सगळे माझ्या मागून चालतायत. आमची नेहमीची खाणावळ दाखवायला नेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मग उभ्याउभ्याच हरभऱ्याच्या पिठाची चेचिना खाल्ली. ती मात्र उत्तम होती, आणि तसं मी आधीच सांगितलं होतं. तोबियाने पाव चाखून बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. पावात मीठ नाही. तोस्कानात नसतंच, असं मी समजावलं. बेकरीवाला माणूस, त्याला कोणी गेल्याची बातमी सांगितल्यासारखं झालं.

नोएमीला माझी लायब्ररी बघायची होती. लायब्ररीला जायचा रस्ता बदलला आहे. आम्ही एका हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला निघालो. "वर्षानुवर्षं रोज इथेच यायचास ना?" असं नोएमी हसून म्हणाली. ती हसून म्हणाली हे महत्त्वाचं.

शनिवार, संध्याकाळी

वाईट. फार वाईट.

आम्ही चौकात वाइन-सोड्याचा स्प्रित्झ पीत बसलो होतो. (घरच्यासारखा नव्हता. सगळ्यांनी दोनदोन घेतले.) तोबियाने पिशवीतून पावाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मुकुट. तमालपत्राच्या डहाळ्यांचा, पदवीधराच्या डोक्यावर ठेवतात तसा, इंजिनियरची काळी फीत लावलेला. पानं त्याच्या आईच्या अंगणातली. तारेवर वळवून त्याने स्वतः बांधला होता. बोटांवर ओरखडे होते.

मुकुट माझ्या डोक्यावर ठेवून तिघांनी ते पदवीचं वाह्यात गाणं म्हटलं, बाकीच्या टेबलांनी साथ दिली. एक म्हातारी मुद्दाम थांबली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, आईबापांनी फार सोसलं असेल, त्यांना विसरू नकोस. मी तिला धन्यवाद दिले. तोबियाचे डोळे भरून आले होते. मी फीत नीट करायला म्हणून खाली बघितलं.

मग एर्मेसने मोबाइल पुढे केला. उद्या सकाळची मनोऱ्याची तिकिटं, चौघांची. कल्पना तोबियाची. "इतकी वर्षं थांबलास रे," तो म्हणाला, "आता चढ."

रविवार, ६ ऑक्टोबर, सकाळी

परिस्थितीचा शांतपणे विचार केला. चढलो तर पदवी जाते. नाही चढलो तर मी. अंधश्रद्धा एका बाजूला ठेवली तरी बुधवारचा पेपर तीन दिवसांवर आहे. अशा वेळी उगाच धोका कोणताही इंजिनियर पत्करणार नाही.

पोट बिघडलं असं सांगून बघितलं. नोएमी दातांच्या दवाखान्यात काम करते, तिच्या पर्समध्ये सगळ्यावर गोळी असते. घ्यावी लागली. मग उंचीने भोवळ येते म्हणालो. तर तोबिया म्हणाला, "मलाही येते. बेकरीतला बल्बसुद्धा मी बदलत नाही. पण आज तुझ्यासाठी चढणार. तू पुढे हो, मी तुझं जॅकेट धरतो."

मुकुट डोक्यावर ठेवला आणि निघालो.

रविवार, दुपारी

जे झालं ते थोडक्यात लिहितो.

एर्मेस आणि नोएमी पुढे गेले. आत तळाशी एक मोकळी खोली आहे, तिथे उभं राहणं म्हणजे चढणं नव्हे. मग जिना लागतो. संगमरवर झिजलेला, पाऊल आपोआप एका बाजूला जातं. तोबियाने मागून माझं जॅकेट धरलं होतं. ती ओढ मला पाठीत जाणवत होती. पहिल्या वळणाच्या अलीकडे मी थांबलो. बुटाची नाडी सुटली म्हणालो. तू हो पुढे, मी आलोच. हा मुकुट जरा सांभाळ. त्याच्या डोक्यावर ठेवला. तो गेला.

पुढची माणसं जिन्यात शिरायच्या आत मी खाली उतरलो.

नंतर मागून लोक चढत गेले, त्यामुळे त्याला वळता आलं नसणार. एवढ्या अरुंद जागेत तो अडकेल, असा विचार मी केला नव्हता. केला होता. थोडा.

हिरवळीशेजारी उभा राहून वर बघत होतो. कोणी हात हलवत नव्हतं.

तिघं खाली आले तेव्हा तोबियाचा शर्ट घामाने चिकटला होता आणि ओठ पांढरे पडले होते. वर गेल्यावर तो भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसून राहिला. 'रेमो आला का' एवढंच विचारत होता, असं नोएमीने सांगितलं. मामाचा फोन आला होता म्हणून मी खाली आलो, असं मी सांगायला घेतलं. एर्मेसने माझ्याकडे बघितलं आणि थट्टा केली नाही. शाळेपासून ओळखतो त्याला, थट्टा केली नाही असं हे पहिल्यांदाच.

तोबिया कट्ट्यावर बसला. मग म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर मी वर गेलो नसतो रे."

रागावून नाही म्हणाला.

रविवार, परतीच्या गाडीत

एकच पेपर राहिलाय, असं मी प्रातोच्या आसपास म्हणालो. नोएमीने मुकुट माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तोबियाने त्याचं अर्धं सँडविच मला दिलं. खाल्लं. लाज वाटत होती, पण भूकही लागली होती.

सोमवार, ७ ऑक्टोबर

रात्री नीट विचार केला. चूक पूर्णपणे माझी नाही. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने मनोऱ्याची तिकिटं काढूच नयेत. दुसरं, बुधवारी पास झालो की जूनमध्ये बोललो ते सगळं मागच्या तारखेने खरं ठरेल. उरतो फक्त एक मुद्दा: पहिल्या वळणाच्या अलीकडे पोचणं हे चढण्यात धरतात का? इंजिनियरिंगच्या दृष्टीने एवढी उंची नगण्य.

मम्मा एर्मेसचं स्टेटस बघत होती. ती सगळ्या गावाची स्टेटस बघते. मनोऱ्याच्या टोकावर तिघं, मुकुट तोबियाच्या डोक्यावर.

"तू कुठे आहेस यात?"

मी म्हणालो, मीच तर फोटो काढत होतो.

"फोनवाला हात एर्मेसचा दिसतोय," मम्मा म्हणाली. मग चष्मा काढून पुसत बसली. पिसाची ती गोष्ट तिलाही ठाऊक आहे. पप्पा होते तोवर नेहमी सांगायचे, पोराने मला एकट्याला वर पाठवलं, पदवी मिळाली की दोघं जाणार आहोत.

आज दोन्ही प्रकरणं वाचायची होती. पहिल्याचं शीर्षक वाचलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

फरशांचे नमुने बघायला सास्सुओलोला जातो, असं मामाला सांगून सकाळची गाडी पकडली. मम्मालाही तेच सांगितलं. बोलोन्याला गाडी बदलायची होती. फलाटावर उभा राहिलो. पिसाच्या वाटेवरची, फिरेन्झेची गाडी आली. दारं उघडली. पाठीत जॅकेट कोणीतरी धरल्यासारखं वाटलं. मागे कोणी नव्हतं. दारं मिटली.

कॉफी घेतली. परतीच्या गाडीत बसलो.

घरी आलो तर घंटीशेजारी पाटी नव्हती. भिंतीत चार भोकं होती, आणि खाली चुन्याची थोडी भुकटी. मम्माने स्वतः काढली असणार. स्क्रूड्रायव्हर अजून दाराआतल्या कपाटावरच होता.

आत डुकराच्या रोस्टचा वास भरला होता. टेबलावर मुकुट होता, म्हणजे तार आणि काळी फीत. "पानं चांगली ताजी होती," मम्मा म्हणाली. "टाकून कशाला द्यायची." आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मी एकेक पान काढून ताटाच्या कडेला ठेवत होतो. आपल्या आईला तोंड दाखवायची इतकी लाज वाटू शकते, हे मला माहीत नव्हतं.

"पेपर कसा गेला?" तिने विचारलं.

पेपरबद्दल मी तिला कधीच काही बोललो नव्हतो. पण पुस्तक घरीच राहिलं होतं, वर आजची तारीख लिहिलेलं.

"दिला नाही," म्हणालो. तिने माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला.

उद्या आधी तोबियाकडे जायचं. तिथे काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. मग दुकानातून थोडं सिमेंट आणून घंटीशेजारची चार भोकं बुजवायची. तेवढं बांधकाम मला येतं.