गाड्या बघायला जागा पाहिजे

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे बाबा बरे आहेत आणि आम्ही त्यांच्या तावडीतून शिल्लक आहोत. दाजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, वाकू नका, वाकायची कामं इकडे पाठवा, आम्हाला आता सवय झाली आहे. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर यातलं काही बोलता येत नाही, कारण तुझा फोन आला की बाबा स्पीकर लावतात आणि मधे खुर्ची टाकून बसतात.

बाबा न्हाणीघरात घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तीन तास तिथेच पडून राहिले, तेव्हा आपण दोघांनी त्यांना त्या रिकाम्या घरातून माझ्याकडे आणलं. ते आले ते एका अटीवर, हे तुला माहीत आहेच. मुदत एक महिना. तेवढ्यात या गावात गाड्या बघायला धड जागा सापडली तर राहीन, नाहीतर परत आपल्या घरी, एकटा. मी म्हटलं, एवढंच ना! स्टेशन आहे, रूळ आहेत, गाड्या जातात-येतात. पण ताई, गाडी बघणं म्हणजे काय ते आपल्याला जन्मात कळलं नव्हतं. एकतीस वर्षं गार्डाच्या डब्यात काढलेल्या माणसाला इंजिनाशी काही देणंघेणं नसतं. (इंजिन म्हणजे त्यांच्या मते नुसता आरडाओरडा.) त्यांना बघायचा असतो शेवटचा डबा. तो समोर आला की आपण हिरवा झेंडा दाखवायचा, आणि आतल्या गार्डाने उलट हिरवा दाखवला तर जागा पास. सगळं ठीक आहे, असं एकमेकांना सांगायची ही त्यांची रीत आहे म्हणे. घरात कधी कोणाला सांगितलं नाही, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेलो. स्टेशनमास्तरांनी नमस्कार केला, बसायला बाक दिला आणि झेंडा गुंडाळून ठेवायला लावला, कारण स्टेशनात दोन माणसं हिरवा दाखवायला लागली तर गाडीने ऐकायचं कोणाचं? पादचारी पुलावरून नुसते डब्यांचे टप दिसतात, शिवाय खाली बघितलं आणि मी कठडा सोडेना. बाबांनी मला हाताला धरून खाली आणलं आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला, पोरगा घाबरला, असं सांगितलं. (पोरगा येत्या वर्षी पन्नाशीचा होईल.) मग फाटक. जागा उत्तम होती, पण फाटकवाल्याला स्वतःचा झेंडा आहे आणि तो कसा धरायचा हे त्याला कोणी शिकवलेलं आवडत नाही. दोघांची जुंपली. गाडी निघून गेली, वाद चालूच, फाटक बंदच. समोर ही रांग! रांगेत पहिली रिक्षा, आणि रिक्षेत माझं गिऱ्हाईक, ज्याला मी सकाळीच सांगितलं होतं की अंगात ताप आहे म्हणून पॅन्ट शिवून झाली नाही.

त्यानंतर दंतवैद्यांचा दवाखाना. तिसरा मजला, रुळांकडे मोठी खिडकी, मऊ खुर्च्या, वर पंखा. बाबा खूश. पण दवाखान्यात नुसतं बसू कोण देणार? म्हणून मी रोज माझं नाव लिहायचो आणि नंबर जवळ आला की, आज काम निघालं, असं म्हणून बाबांना घेऊन उठायचो. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी नेमकी चारची गाडी उशिरा धावत होती. माझा नंबर पुकारला, बाबांनी खिडकीतून मान न वळवता सांगितलं, तू जा आत, गाडी येईपर्यंत वेळ काढ. ताई, मी वेळ काढला आणि डॉक्टरांनी दाढ. दुखत नव्हती म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, दुखायच्या आधीच आलात, असे पेशंट हल्ली मिळत नाहीत. गालावर हात धरून बाहेर आलो तर बाबा तोंड पाडून बसलेले. खिडकीची काच उघडत नाही आणि चार दिवस दाखवूनही काचेमागचा झेंडा एकाही गार्डाला दिसला नाही. जागा नापास. माझी दाढ गेली ती गेलीच.

महिना संपायला चार दिवस उरले. बाबा परतीच्या गाड्यांची चौकशी करून आले होते. मला झोप लागेना. दुकानात बाह्या उलट्या जोडल्या, त्या उसवून पुन्हा उलट्याच जोडल्या. तेवढ्यात बाबांना शोध लागला की दोष जागेचा नाही, झेंड्याचा आहे. जुना झेंडा धुऊन धुऊन पोपटी पडला आहे. झालं! मी जेवायला गेलो असताना त्यांनी गायनाच्या बाईंचं शिवायला आलेलं हिरवं रेशीम घेतलं, त्यातून हातभर चौकोन कापला आणि माझ्याच मशीनवर कडा शिवल्या. (शिलाई सरळ होती, हे कबूल केलं पाहिजे.) उरलेल्या कापडात बाईंच्या ब्लाउजला बाह्या बसेनात. बिनबाह्यांचा शिवून दिला आणि तोंड लपवून बसलो. बाईंनी आणखी दोन तसेच सांगितले आहेत. बाबा तेव्हापासून मला धंद्यातलं मार्गदर्शन करतात.

त्या रेशमावर मशीनच्या तेलाचा डाग पडला, म्हणून आम्ही दोघं लॉन्ड्रीत गेलो. डाग तिथल्या तिथे निघाला. दुकानामागे चादरी वाळत घालायचं आवार आहे, तिथे झेंडा दोरीवर टाकला. आवार संपतं तिथे कुंपण, आणि कुंपणापलीकडे रूळ! तिथे वळण आहे, गाडी अगदी बेताने जाते. आम्ही उभे होतो तेव्हा मालगाडी आली. बाबांनी ओला झेंडा दोरीवरून ओढला, दोन चादरी बाजूला सारल्या आणि ताठ उभे राहिले. एकेचाळीस वाघिणी मी मोजल्या. शेवटच्या डब्यात एक पोक्त गार्ड डबा उघडून जेवत बसला होता. त्याने बाबांकडे बघितलं, डबा खाली ठेवला, हात पुसला, उठून उभा राहिला आणि हिरवा दाखवला. वळणाआड जाईपर्यंत दाखवत राहिला. बाबा तोंड फिरवून एक चादर सारखी करत बसले. चादर आमची नव्हती.

ताई, तुला म्हणून सांगतो, मला भरून आलं. लहानपणी बाबांना कामावर जाताना आपण पाठमोरंच पाहिलं. त्यांच्या शेजारी उभं राहून काही बघितल्याचं मला तरी आठवत नाही. आता रोज पावणेचारला मी दुकानाला कुलूप लावतो आणि आम्ही दोघं लोकांच्या चादरींमध्ये उभे राहतो. मुदत संपून अकरा दिवस झाले, कोणी विषय काढलेला नाही. तू असं समजू नकोस की मी सुखात आहे. त्यांची गार्डाची वही इथेही चालू आहे. कालची नोंद: चहा सोळा मिनिटं उशिरा, कारण सूनबाई फोनवर. जेवण वेळेवर, मीठ आलं नाही. तुझी भावजय ती वही रोज वाचते आणि मला ऐकवते, जसं काही मीच लिहितो.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. दाजींच्या कंबरेला ऊन दाखवा. आमच्या लॉन्ड्रीवाल्याने सांगितलं आहे.

ता. क. २. आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. तुझ्या नव्या घराचा मेसेज मिळाला. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच रूळ आहेत आणि सिग्नल नसला की गार्डाचा डबा बरोबर खिडकीसमोर थांबतो, असं तू लिहिलंस. ताई, तुझ्या पाया पडतो, हे बाबांना कळू देऊ नकोस. मी त्यांना सांगितलं आहे की तुझ्या खिडकीतून गोदामाची भिंत दिसते. फोनवर विचारलं तर तूही भिंतच सांग. एरवी तू म्हणशील ते ऐकेन, पण बाबांना नेऊ नकोस.

ता. क. ३. बाळ, पाकिटाला डिंक लावायचं काम याने माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुझ्या खिडकीचं मला सूनबाईने त्याच दिवशी सांगितलं होतं. जागा पहिल्या प्रतीची दिसते. आलोही असतो. पण हा एकटा गाडी बघायला जायचा नाही, त्याला लाज वाटते. तेव्हा तू भिंतच सांग.