हिरड्यांचं औषध संपल्यावर

१४ जुलै

चि. छकुली,

ओंजळभर आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते थांबलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पार मुळापर्यंत सफाई केली. पण आजार जुना, नुसतं खरवडून भागणार नाही म्हणाल्या, म्हणून हिरड्यांच्या फटींत जंतुनाशक औषधही भरलं. घरी रोज सकाळी बोटाने लावायला जेल दिलं.

इथेच घोडं अडलं. दवाखान्यात गुणी मुलीसारखा आ करणारी तुझी आई घरी माझ्या बोटाला कडकडून चावली. दात हलतात, पण जोर काय विचारू नकोस. मग मी डॉक्टरीणबाईंकडून मास्क आणि हातमोजे मागून आणले. शाळेच्या नाटकात मला कधी झाडाचंही काम मिळालं नव्हतं, इथे मात्र पहिल्याच प्रयोगाला टाळी. "या डॉक्टर," म्हणाली आणि तिने आ केला.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझा फोन आला की मी 'आई झोपलीय' म्हणतो, तेव्हा ती जागीच असते. ती मला ओळखत नाही गं. मास्क नसला की हा कोण परका माणूस म्हणून भिंतीकडे सरकते. मास्क लावला की बोलते. तुझ्या शाळेतल्या वेण्या, माझं घोरणं, सगळं त्या डॉक्टरला सांगते. माझ्या तक्रारी इतक्या लाडाने तिने मला कधी सांगितल्या नव्हत्या. ऐकताना जीव तुटतो.

तू आलीस तर तुला ओळखेल की नाही, सांगता येत नाही. तरी ये.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. हिरड्या सुधारल्यात, आता जेल बंद करा, असं बाईंनी सांगितलं. मी मान डोलावली. पण अजून रोज सकाळी मास्क लावतो, हातमोजा घातलेलं बोट साध्या पाण्यात बुडवतो आणि तिच्या हिरड्यांवरून हळूहळू फिरवतो. दुसरं काय करू?

काल तिचं तोंड पुसत होतो, तर तिने माझा हात धरला.

"डॉक्टर, बाहेर आमचे हे बसले असतील. मी बरी झाले म्हणावं त्यांना. न्यायला या म्हणावं."

"सांगतो," म्हणालो.

अजून बाहेरच बसलेला,
तुझा बाबा