टाकीतलं समुद्रफूल आणि भोपळ्याची फोड

बाबा, काल पितृपक्षातली तुमची तिथी होती. दरवर्षीसारखा घास टाकीत सोडला, आणि आज दुपारी हे लिहायला बसले आहे, कारण टाकीत जे झालंय ते आईला सांगता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील. तुम्हाला सांगायला काय हरकत आहे? ही बला घरात आणलीत ती तुम्हीच.

तेव्हा आपण वाशीच्या फ्लॅटमध्ये नुकते राहायला आलो होतो आणि तुम्ही रबाळ्याच्या कंपनीत केमिस्ट होतात. रविवारी शेजारचे लोक एपीएमसीत भाजी आणायला जायचे, तुम्ही स्कूटरला कॅन बांधून उरणच्या पुढे समुद्राचं पाणी आणायला. खाडी घरामागेच होती, पण तिचं पाणी तुम्हाला चालत नसे. ‘त्यात काय काय सोडतात ते मला विचार,’ म्हणायचात. टीव्हीसाठी बनवून घेतलेल्या स्टँडवर काचेची टाकी आली आणि टीव्ही बिचारा फ्रिजवर गेला. मग एका रविवारी पाण्याबरोबर एक दगड आला. त्याला चिखलाच्या रंगाचा, मुठीएवढा गिळगिळीत गोळा चिकटलेला. ‘ही काय घाण उचलून आणलीत?’ आई म्हणाली. संध्याकाळपर्यंत ती घाण उमलली. खाली जाड तपकिरी देठ, वर हिरवट बोटांचा गुच्छ, प्रत्येक बोटाचं टोक जांभळं. पंप बंद केला तरी ती बोटं हलतच होती. मी टाकीच्या या बाजूने त्या बाजूला गेले, तर मला उगाच वाटलं की तीही माझ्या मागोमाग वळली.

दारावर येणारी मासेवाली टोपली खाली ठेवून ते बघायला आत आली आणि वाकली तशीच मागे सरकली. ‘दादा, फुल नाय ह्ये, तोंड हाय. घरान नको ठेवू.’ तुम्ही हसून म्हणालात, ‘ठाऊक आहे मावशी, म्हणून तर ठेवलंय.’ ते समुद्रफूल आहे, जनावर आहे, एवढं तुम्हाला आल्याआल्याच कळलं होतं. कुठल्या जातीचं, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. भिंग घेऊन तुम्ही त्याचा पाय बघायचात, देठावरचे फोड वाळूला चिकटतात का ते बघायचात, बोटांची टोकं फुगीर की निमुळती यावर माझ्याशी वाद घालायचात. लायब्ररीतल्या पुस्तकातलं एक चित्र जवळपास जुळलं, तर दुसऱ्या दिवशी टोकांचा आकारच बदललेला! जणू आपल्याला कोणी ओळखू नये अशीच त्याची इच्छा होती. ‘त्याला नाव असणारच गं,’ तुम्ही म्हणायचात. ‘मला नाही सापडलं तर तू शोध. आणि सापडलं की मला सांग.’

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी खाली गेलेलं दिसलं म्हणून मी मोठ्या कौतुकाने कॅनमधलं खारं पाणी ओतलं होतं. तुम्ही बनियनवर धावत आलात आणि असे ओरडलात की शेजारच्या काकू दार उघडून बघायला लागल्या. ‘अगं, उडतं ते पाणी! मीठ उडतं का? ते आतच राहतं. भर घालायची ती गोड्या पाण्याची.’ मग मला रडू आलेलं बघून कंपनीतली खारटपणा मोजायची काचेची नळी आणलीत, ती पाण्यात तरंगत ठेवलीत आणि म्हणालात, ‘ही आजपासून तुझी.’ अजून आहे माझ्याकडे. तुमची माफी मागायची तऱ्हाच निराळी.

मी बोट लावलं की ते मिटायचं. आईने लावलं तरी मिटायचं. तुम्ही कोलंबीचा तुकडा भरवून झाल्यावर रिकामं बोट पुढे करायचात आणि ते आपली चिकट बोटं त्याभोवती गुंडाळून धरून ठेवायचं. ‘सवय झालीय त्याला,’ म्हणायचात. मला ते बघवत नसे. तुम्ही ओढलंत तरी सोडणार नाही, असं वाटायचं.

तुम्हाला कंपनीतच छातीत कळ आली, आणि तुम्ही घरी आलात ते तसे. सुतकभर समुद्रफूल मिटून होतं. टाकीवरची ट्यूब लावायचं कुणाला सुचलं नाही, त्याला खायला घालायचं तर नाहीच. सुतक फिटलं त्या सकाळी मी बघितलं तर ते पूर्ण उघडलेलं होतं, पण आपल्या दगडावर नव्हतं. काचेवरून सरकत टाकीच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या खुर्चीच्या बाजूला येऊन बसलं होतं. समुद्रफूल उजेडाकडे सरकतं हे तुम्हीच शिकवलं होतंत, आणि खिडकीही त्याच बाजूला होती. हे मी स्वतःला पुनःपुन्हा सांगितलं. आईने त्या खुर्चीत पुन्हा कुणाला बसू दिलं नाही.

वर्ष झाल्यावरच्या पहिल्या पितृपक्षात आईने वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि तांबड्या भोपळ्याची भाजी केली. भोपळा तुम्हाला मुळीच आवडत नसे, पण त्या दिवशी तो हवाच. गच्चीवर पान ठेवून आम्ही उन्हात उभे. कावळा येईना. येईल कशाला? एपीएमसीच्या जिवावर पोसलेले कावळे ते, आमच्या खिरीचं त्यांना काय कौतुक! कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. शेवटी आई पान उचलून खाली आली आणि मला काही कळायच्या आत तिने तो घास टाकीत सोडला.

‘आई, पाणी नासेल! मरेल ते!’

‘गप्प बस. बघ.’

त्याने घास धरला. एकेक बोट आत वळलं, मधलं तोंड उघडलं, भात आत गेला, वडा आत गेला. भोपळाही गेला. आई तिथेच जमिनीवर बसून जेवली. सकाळी पाणी दुधासारखं झालेलं, मी गाळणीने भाताची शितं काढत होते, कॅनमधलं पाणी घालून टाकीतलं बदलत होते आणि रडत होते, कारण ते मेलं तर तुम्ही दुसऱ्यांदा गेलात असं होणार होतं. तेवढ्यात आईने हाक मारली. समुद्रफुलाच्या पायाशी, वाळूवर, भोपळ्याची फोड होती. चावलेली नाही, विरघळलेली नाही. तुम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवायचात तशी, बाजूला. ‘बघितलंस?’ आई हसत होती. ‘मेल्यावर तरी खोड जाईल असं वाटलं होतं.’

तेव्हापासून दर पितृपक्षात हेच. मी हट्टाने घास नखाएवढा करायला लावला, पाणी बदलायची तयारी आधीच ठेवली. पचत नाही ते ही जनावरं बाहेर टाकतात, हेही मी पुढे वाचलं. पण भात कधी बाहेर आला नाही, वडा आला नाही. दरवर्षी फक्त भोपळा.

आता फोनने फोटो काढला की क्षणात नाव सांगतात म्हणे. बाबा, मी कधी काढला नाही. नाव कळलं असतं तर त्याचं वय, खाणंपिणं, सवयी, सगळंच कळलं असतं, आणि मग ते नुसतं जनावर उरलं असतं. तुम्ही सांगितलेलं एवढं एक काम मी मुद्दाम केलेलं नाही.

आज सकाळी वाळूवर काही नव्हतं. मी पंप बंद करून बघितलं, दगड उचलून बघितला, चिमट्याने वाळू चाळली. भोपळा कुठेच नाही. ते मात्र मजेत उघडलेलं, बोटं हलवत. मी घाबरत घाबरत बोट पुढे केलं. ते मिटलं नाही. त्याने ते धरलं. चिकट, गार, आणि घट्ट. आजवर कधीच धरलं नव्हतं. ते तुम्ही आहात म्हणून की तुम्ही तिथे आता नाही म्हणून, ते मला कळेना. मी ओढून सोडवलं आणि साबणाने हात धुतला.

आईला आता दिसत नाही. ती तुमच्या खुर्चीत बसून असते, आता ती स्वतःच तिथे बसते. तिने विचारलं, ‘काढून ठेवलान ना भोपळा?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘वाळूवर आहे. नेहमीच्या जागी.’

‘हट्टी माणूस,’ ती म्हणाली आणि समाधानाने डोळे मिटले.