उशाशी ठेवलेला गडवा

प्रिय स्वरूपा,

या वेळच्या पार्सलमध्ये एकच वस्तू आहे. कात्री हातात घेतली असशील तर जरा थांब, आधी हे वाच. दर वर्षी तुझ्या चिपळूणच्या घरासाठी निळी बरणी, झुंबराचे लोलक, नक्षीची कडी असं काहीबाही पाठवते, तेव्हा साधी चिठ्ठीही घालत नाही. आज एवढं लांबण लावतेय म्हणजे काहीतरी आहे, हे तू ओळखलंच असशील. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीतच आहे.

आधी दुकानाचं सांगते. बरं चाललंय. भिगवणला पक्षी बघायला पुण्याची माणसं येतात, मासे खातात आणि जाताना आमच्याकडे शिरतात. जुनं ते सोनं म्हणतात, पण भाव मात्र भंगाराचा करतात. परवा एक बाई घंगाळ घेऊन गेल्या, त्यात मनीप्लांट लावणार आहेत. दुसऱ्या एकीनं पाटा नेला, दिवाणखान्यात उभा करायला. गल्ल्यावर बसलेला मोईन म्हणाला, आता वरवंट्याला सोफ्यावर बसवतील. मी हसले खरी, पण असं गिऱ्हाईक आलं की मला तूच आठवतेस. शाळा सुटली की आपण दोघी लासुर्ण्यात माझ्या अब्बांच्या भंगाराच्या ढिगात शिरायचो आणि अब्बा हातपाय कापतील म्हणून ओरडायचे. सायकलच्या मोडक्या चाकाला तू फुटक्या बांगड्या बांधल्यास आणि ते तुमच्या ओसरीत टांगलंस. घरी कुणी आलं की चहाच्या आधी तुझे वडील ते चाक दाखवायचे. बाजीरावआबांच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळणं काही सोपं नव्हतं.

बघ, नाव निघालं. फोनवर असते तर एव्हाना तू "बाकी बोल" म्हणाली असतीस. म्हणूनच पत्र लिहितेय. पत्राला "बाकी बोल" म्हणता येत नाही.

तू सोमनाथशी जातीबाहेर लग्न केलंस आणि आबांनी नीरेच्या काठी जित्या लेकीचं दहावं घातलं, डोकं भादरून घेतलं. ते कळल्यापासून तू घराचं नाव टाकलंस. मी तुला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण एक गोष्ट तुझ्या कानावर आलेली नाही. तेराव्याला भावकीत पितळी गडवे वाटले होते. प्रत्येकाच्या पोटावर कोरलेलं होतं, "कै. स्वरूपा हिच्या स्मरणार्थ".

मलाही हे दोन वर्षांपूर्वीच कळलं. तुझी आई दुकानात आली. लासुर्ण्यात अब्बांचं दुकान असताना एसटी बदलत भिगवणपर्यंत. पिशवीतून एक गडवा काढला आणि मोडीत घे म्हणाली. चांगला जाड, घाट सुरेख. मी म्हटलं, मावशी, हा आटवू नका, पॉलिश करून ठेवते, हातोहात जाईल. तिनं गडवा माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हा पोटावरचे पोचे दिसले. दगडानं ठेचून ठेचून अक्षरं बुजवली होती, तरी तुझं नाव वाचता येत होतं. मग म्हणाली, "शोभेला नगं बाई. आटू दे. एकेक गोळा करती मी. लेक जिती हाय माझी."

तेव्हापासून ती येत राहिली. कुणाच्या वास्तुशांतीला जायची, कुणाच्या बाळंतिणीला बघायला जायची, आणि निघताना नवी कोरी कळशी देऊन आपला गडवा परत मागून घ्यायची. लोक समजायचे, लेक गेल्यामुळं म्हातारीचं डोकं फिरलंय. ती कुणाला काही बोलायची नाही. माझ्याकडं आली की मात्र तुझ्या घराचे फोटो मागायची. तुझ्या साड्यांचे पडदे, खिडकीच्या जुन्या चौकटीत बसवलेला आरसा, सगळं मोबाइल डोळ्यांपाशी धरून बघायची. आरशात तू दिसतेस का, ते शोधायची. मी म्हणायचे, मावशी, फोन लावून देते. तर म्हणायची, "आत्ता न्हाय. शेवटचा आटला की मीच जाऊन घिऊन येती तिला. तवर कंच्या तोंडानं बोलू?"

मागच्या खेपेला म्हणाली, सगळे झाले, घरातला एक राहिला. तो आबांच्या उशाशी असतो. "रातच्याला पानी भरून ठेवत्यात. पीत न्हाईत. मागाया गेलं तर कूस बदलत्यात." मी म्हटलं, देतील हो. ती म्हणाली, "माझ्या हयातीत देवू दे म्हंजी झालं."

त्यानंतर ती आली नाही. मी वाट बघत होते. परवा आबा आले. एकटेच. टोपी काढली, तर डोक्यावर नुकते केसांचे खुंट आलेले. स्वरूपा, त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं. तुझी आई झोपेतच गेली. तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं.

त्यांनी पिशवीतून गडवा काढून माझ्यासमोर ठेवला. मोडीत घालायला नव्हता आणला. म्हणाले, "नावाआदीचं 'कै.' आन् नावामागलं समदं काढ. नाव ऱ्हाऊ दे." मी घासायला बसले आणि ते शेजारी बसून बघत राहिले. मग आपणहूनच म्हणाले, "ही गेली, तर हिच्या नावानं भांडी वाटा म्हनत्यात समदी. म्या न्हाय म्हनलं. एकदा खोटं कोरून घेतलं. आता खरं कोरवत न्हाय." आणि रडले गं. मीही रडले.

त्याच संध्याकाळी तुला फोन लावला. "लासुर्ण्याहून" एवढंच म्हणाले आणि तू म्हणालीस, बाकी बोल. बाकी माझ्याजवळ काहीच नव्हतं. म्हणून हे लिहिलं. पार्सलमध्ये तोच गडवा आहे. तुझ्या नावाच्या आधी आणि नंतर बोट फिरव, किंचित खळगा लागेल, तिथं पितळ झिजलंय. लेक येईल का म्हणून विचारू नकोस, नुसतं पोचव, असं आबांनी बजावलंय, म्हणून मीही विचारत नाही. आतून कल्हई करून घेतली आहे. त्यात पाणी भर आणि पी. इतकी वर्षं तो रोज नुसताच भरून ठेवलेला होता.

तुझीच,
शाहीन