भोरात सायकलवरून कोणाकोणासाठी उतरावे

भोर,
ता. १४ फेब्रुवारी १९३७

प्रिय बिलकीस,

तुझ्या रतनचा सलाम घे आणि नमस्कारही घे. दोहोंतला जो जास्त होईल तो भाईसाहेबांना दे. तुझा खोकला, भाईसाहेबांचे पथ्य आणि तुमचे ते चावरे मांजर ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इकडे मी सुखरूप आहे. (सुखरूप हा शब्द विचार करून लिहिला आहे. कोपराचे खरचटणे त्यात धरलेले नाही.)

तुझी मलिका सासरी गेल्यापासून तुझ्या पडवीत उभी असलेली तिची सायकल तू मला पाठवलीस, ती पोचली. मात्र लगेच नव्हे. वाटेत शिवऱ्याला कोणाच्या तरी कोंबड्यांच्या पाट्या मोटारीच्या टपावर चढवायच्या होत्या, म्हणून ड्रायव्हरने सायकल खाली काढली, आणि कोंबड्या तेवढ्या भोरला आल्या. दोन दिवस ती तिथल्या चहावाल्याच्या दारात उभी होती; तिला बघायला इतकी गिऱ्हाइके जमली की तो सोडायलाच तयार नव्हता म्हणतात. आणि आहेच ग ती देखणी! मधला आडवा दांडा नाही, साखळीवर पत्र्याचे पुरते झाकण, मागच्या चाकावर हिरव्या रेशमी दोरीची जाळी, पुढे वेताची टोपली. टोपलीत हजेरीपत्रके, छत्री आणि येताना मेथीच्या दोन जुड्या सहज मावतात. जाळीचा मला उपयोग नाही. गोल पातळ नेसणाऱ्या मुलींना ती लागते. नऊवारीला कसली जाळी? आपल्या आज्यांनी सायकल निघण्याच्या कितीतरी आधी तिची तयारी करून ठेवली होती, फक्त त्यांना कोणी सांगितले नाही.

तू म्हणशील, पन्नाशी उलटल्यावर हे काय डोहाळे! तर ऐक. आमची मुलींची शाळा गावाबाहेर दीड मैलावर नव्या इमारतीत गेली. माझा डावा गुडघा मात्र जुन्याच इमारतीत राहिला. त्यात शाळांचे नवे तपासनीस आले, मानसिंगराव. त्यांनी फर्मान काढले की मुख्य बाईंनी अकराच्या घंटेआधी हजेरीवर सही करावी. एका आठवड्यात तीनदा उशीर झाल्यास वयोमानाने काम झेपत नाही असे समजून त्यांना घरी बसवावे. माझ्या जागी यायला त्यांचा मेहुणा तयारच आहे. त्याला मुलींना शिकवण्याचा अनुभव नाही, पण त्याच्याकडे घड्याळ आहे. बिलकीस, बावीस वर्षे मी ही शाळा चालवली. आमचे हे गेल्यावर घरात बोलायला माणूस नाही. शाळेत मात्र एकशे चार मुली एकदम बोलतात. शाळाच गेली तर मी करू काय? म्हणून सायकल.

शिकले शाळेमागच्या माळावर. सीट धरायला आमचा शिपाई चिमाजी, वय साठ. "बाई, म्होरं बगा म्होरं! माज्याकडं बगून सायकल चालत न्हाई!" असे तो ओरडे, आणि मी मागे वळून त्याला नीट बोलायला सांगे, आणि आम्ही दोघे बाभळीत जात असू. (कॉन्व्हेंटात सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून आपल्याला व्हरांड्यात चालवीत, आठवते? तू तेव्हा पुस्तकाखाली चिंचा लपवायचीस. त्या पाठीच्या ताठपणाचा मला आता, चाळीस वर्षांनी, उपयोग झाला. चिंचांचा तेव्हाच झाला होता.) आमचे हे जन्मभर माझ्यापुढे दोन पावले चालले. आज असते तर मी घंटी वाजवून पुढे गेले असते, आणि मग वळणावर थांबून वाट पाहिली असती.

पण खरी अडचण चालवण्यात नव्हती, उतरण्यात होती. तुमच्या कँपात कोण कोणासाठी उतरते? आमच्या भोरात मात्र वडीलधारे माणूस दिसले की सायकलवरून उतरायचे, नमस्कार करायचा, खुशाली विचारायची, ते पुढे गेले की मग चढायचे. न उतरणारा माणूस माजला असे समजतात. सोमवारी मी निघाले, मागे चिमाजी भालदारासारखा धावत. पहिल्याच वळणावर सगुणाबाई, माझ्या आतेसासूबाई. उतरले. "अगं रतन, ह्ये काय गं? पडशील की! आन् ही टोपली कशापायी, अंडी इकतीस व्हय?" मग गेनबा तात्या. मग देऊळ. मग देवळातून बाहेर आलेले चौघे. पुन्हा चढायला मला धोंडा लागतो, आणि भोरात धोंड्याशेजारी नेमके कोणीतरी वडीलधारे बसलेले असते. पोचले अकरा वाजून बारा मिनिटांनी.

मंगळवारी लवकर निघाले, तर बाई सायकलवर कशी दिसते हे बघायला गावातली सगळी वडीलमंडळी ओट्यांवर येऊन बसलेली. त्यात समोरून सायकलींवर माझ्या जुन्या विद्यार्थिनींचे नवरे. ते बायकोच्या गुरूंसाठी उतरले, ते उतरले म्हणून मी उतरले, आणि आधी कोणी चढावे हे ठरेना. दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी सहा मिनिटे एकमेकांना "आपण आधी" म्हणत भर रस्त्यात उभे होतो. दुसरा उशीर.

बुधवारी चिमाजीची कंबर धरली, म्हणून त्याला शाळेतच राहायला सांगितले. मी एकटी निघाले आणि मला एक युक्ती सुचली. सगुणाबाई दिसताच मी घंटी वाजवत ओरडले, "ब्रेक नाहीत, आत्याबाई! माफी असावी!" त्या टुणकन बाजूला झाल्या आणि वर आशीर्वाद दिला. गेनबा तात्यांनी तर पागोटे हलवून रस्ता मोकळा करून दिला. जिला थांबता येत नाही तिने उतरावे अशी अपेक्षा कोण करणार?

त्याच वेळी मानसिंगराव माझा तिसरा उशीर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघाले होते. त्यांची सायकल म्हणजे दोन आरसे, तीन दिवे (एकही पेटत नाही), हँडलला गोंडे, सीटवर मखमल. धूळ बसते म्हणून ती रस्त्यावर फारशी येत नाही. मी शेजारून गेले तेव्हा ते आपले चुलतसासरे सोनबाकाका यांच्यासाठी उतरलेले होते. काकांना ऐकू कमी येते आणि बोलता जास्त येते. "जावईबापू, उतरलाच हाय तर च्या घ्या. न्हाई म्हनू नगा, हितं बसा." सासऱ्याच्या चहाला नाही म्हणणारा तपासनीस अजून जन्मायचा आहे. मी फाटकाशी डौलात थांबले, सही केली आणि दुसरीचा पाढा निम्मा झाल्यावर तपासनीस आले, मिशीला साय लागलेली.

गप्प बसतील तर ते तपासनीस कसले! दुसऱ्या दिवशी हुकूम आला: बिनब्रेकची सायकल शाळेत आणू नये, दुरुस्तीवाल्याचा दाखला सादर करावा. आता पंचाईत बघ. ब्रेक वाईट म्हणावे तर सायकल जाते, चांगले म्हणावे तर उतरणे येते, आणि दोन्हीकडून शाळा जाते. दुरुस्तीवाला अय्युब म्हणजे भोरातला एकमेव खरे बोलणारा माणूस. त्याने ब्रेक तपासले आणि मान हलवली. "बाई, खोटं म्या लिहनार न्हाई. ब्रेक लई झ्याक हाय. पन तुमी दुकानापुढनं गेलात तवा तुमचे दोनी हात घंटीवर हुते." आणि त्याने लिहून दिले: 'ब्रेक उत्तम. बाईंना वापरता येत नाहीत. वयोमानाने सुधारणेची आशा नाही.' हुकुमात ब्रेक असावेत एवढेच होते. ते वापरता यावेत असे लिहायचे राहिले होते. दाखला दप्तरी लागला आणि माझी शाळा राहिली. आता मी संस्थानात लेखी मान्यता असलेली न थांबणारी बाई आहे. तेव्हापासून गावातल्या निम्म्या सायकलींचे ब्रेक गेले आहेत. मानसिंगरावांचे शाबूत आहेत, म्हणून ते रोज चहा पितात.

मुलांना आशीर्वाद, मोठ्यांना सायकलवरूनच नमस्कार.

तुझी,
रतन

ता. क. – मलिकाला लिही की जाळी मी काढलेली नाही. उपयोग नसला तरी शोभते.

आणखी एक ता. क. – वर युक्ती सुचली असे लिहिले, ते सिस्टरसमोर लिहिले नसते. अय्युबने लिहिले तेच खरे. सोमवार-मंगळवार मी उतरत होते ते चिमाजी मागून कॅरिअर धरायचा म्हणून. बुधवारी डौलात थांबले ती चिमाजीवर. तो देवमाणूस आता रोज अकराला दहा कमी असताना शाळेचे जाजम गुंडाळून, छातीशी धरून फाटकात उभा राहतो. पण पुढच्या सोमवारी तो नातीच्या लग्नाला आठ दिवस भोंगवलीला चालला आहे, आणि दुसरे कोणी उभे राहायला तयार नाही. तू अंगाने भरलेली आहेस. शनिवारच्या मोटारीने ये. खोकल्याचे औषध मी इथे करीन. फक्त जाजम उंच धर, आणि मी कितीही ओरडले तरी बाजूला होऊ नकोस.