जादाचे पाटे

बाबा, तुमच्या गाडीच्या स्प्रिंगचे जादाचे पाटे मी काढून टाकले. हे तुम्हाला सगळ्यात आधी कळावं म्हणून पहिल्याच ओळीत लिहितोय. मागच्या दोन्ही बाजूंचे काढले. कंपनीच्या पाट्यांवर तुम्ही हौसेनं चढवून घेतलेले, ज्यांच्या जोरावर तुमचा ट्रक तालुक्यात कुणाहीपेक्षा जास्त हळद ओढतो असं तुम्ही चहाच्या टपरीवर सांगत बसायचात, तेच. मिस्त्रीनं पाटे आवळणारे यू-बोल्ट कापले, लोखंड जमिनीवर आदळलं, आणि तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक चहा पाजला. तुम्ही असतात तर तुमच्या तोंडातून काय निघालं असतं ते मला पाठ आहे. पण तुम्ही नाही, तुम्हाला जाऊन तप उलटलं, आणि गाडी आता माझ्या नावावर आहे.

तुम्ही गेल्यावर जो तो भेटायला येऊन हेच म्हणायचा, की गाडी जपावी तर तुमच्यासारखी. जपलीत, खोटं कशाला बोलू. "घरात चालतंय, गाडीला चालत न्हाई," हे तुमचं ठरलेलं वाक्य. कुकरची रिंग बाजारातली सगळ्यात स्वस्त, त्यामुळे आपल्या घरात शिट्टी कधी झालीच नाही, नुसती फुसफुस. मायच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गाडीच्या पाट्यातला बुश मात्र कंपनीचाच, आणि तोही खोक्यावरचा शिक्का नखानं खरवडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. वारंगा फाट्यावरचे दुकानदार तुम्हाला टरकून असायचे. मी शेजारी उभा राहून हे सगळं कौतुकानं बघायचो. बापाचा रुबाब कुठल्या पोराला आवडत नाही?

मग माय गाडीवरून पडली. सोयाबीन खाली केली की हौद्यात सांडलेले दाणे घरातल्या बाईनं झाडून घ्यायचे, ते तिचे, ही आपल्याकडची रीत. तेवढ्या पसाभर दाण्यांसाठी ती वर चढली आणि फाळक्यावरून उतरताना तिचा पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. नांदेडच्या डॉक्टरांनी तुम्हाला दोन सळया दाखवल्या. मी तिथंच होतो, नुकतीच बारावी झालेली. डॉक्टर म्हणाले, ही भारीतली, हिच्यावर पुढं चालणं-फिरणं सोपं जाईल; ही साधी, हिच्यानंही भागतं, पण फार जपावं लागेल. तुम्ही दोन्ही सळया हातात घेऊन तोलल्यात, दुकानात बुश तोलता तशाच. आणि म्हणालात, "साधीच टाका. तिला काय लोड ओढायचा हाय?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघत होतो. त्याच महिन्यात तुम्ही गाडीला नवे पाटे टाकले होते, कंपनीचे, वरून जादाचे. म्हणजे हात आखडला होता अशातला भाग नव्हता. भारीतलं काय आणि साधं काय हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? तुम्हाला सगळं कळत होतं, म्हणून तर माझा राग अजून गेलेला नाही.

तिला घरी आणायची वेळ आली तेव्हा मी जीप करू म्हणालो. तुम्ही म्हणालात, आपली गाडी मोकळीच चालली, जीप काहून? आता पाट्याचं मला तुम्हीच शिकवलेलं आहे. जादाचे पाटे ओझं पडलं तरच वाकतात. मोकळ्या गाडीत ते ताठच्या ताठ राहतात आणि रस्त्यावरचा खडा न् खडा वर केबिनमध्ये पाठवतात. अर्धापूर गेलं, फाटा आला, मायचा पाय माझ्या मांडीवर आहे आणि मी तो दोन्ही हातांनी धरून बसलोय. ती पदराचा बोळा तोंडात कोंबते. प्रत्येक खड्ड्याला तिचे डोळे मिटतात. तुम्ही स्टेअरिंगवरून मान न वळवता सांगताय, "मोकळी हाय म्हणून उडून राहिली. जरा दम धर." फाट्यापासून गावापर्यंतचा तो कच्चा रस्ता मी आजही झोपेत मोजून दाखवेन.

घरासमोर गाडी थांबली. तुम्ही उतरलात, सीटखालचं पोतं काढलंत, जमिनीवर अंथरलंत आणि थेट गाडीखाली शिरलात. वरून माय म्हणाली, "अवं, आधी मला उतरवा." खालून तुमचा आवाज आला, थांब जरा, पाटे पाहून राहिलो. मला एकट्याला ती उतरवणं शक्य नव्हतं, म्हणून मी शेजारच्यांना हाका मारायला पळालो. त्यांना घेऊन परत आलो तरी तुमचे पाय गाडीखालून बाहेर दिसतच होते. पुढं तिचं हाड सरकून जुळलं आणि तो पाय आखूड पडला. सळईमुळे पडला की त्या रस्त्यामुळे, हे कुणी नीट सांगितलं नाही. मी दोन्हीचा दोष तुमच्यावर टाकतो, कारण दोन्ही तुम्हीच निवडलं होतं.

त्या दसऱ्याला तिनं लंगडत येऊन गाडीला ओवाळलं. तुम्ही तिला म्हणालात, नारळ नीट फोड, बंपरला लागू देऊ नको.

आता यंदाचं सांगतो. हळदीचा हंगाम तोंडावर असताना तुमच्या गाडीचा मेन पाटा तुटला. मी फाट्यावरच्या दुकानात गेलो. तुम्हाला टरकणारा दुकानदार गेला, आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो. त्यानं माझ्यासमोर दोन पाटे ठेवले. एक कंपनीचा, शिक्का मारलेला, रंग एकसारखा. दुसरा लोकल, वरून काळा फासलेला, कडेला लोखंडाची कुसं तशीच. तो म्हणाला, म्हाताऱ्या गाडीला कशाला भारीतलं, किती दिवस पळणार ती? मिस्त्रीचं म्हणणं वेगळं होतं. लोकल पाटा ओझ्यानं लवकर दबतो, आणि तुटला तर सांगून तुटत नाही. मी दोघांचंही ऐकत नव्हतो. मला फक्त एवढंच दिसत होतं, की तुमच्या लाडक्या गाडीला हलकं काहीतरी द्यायची संधी पहिल्यांदाच माझ्या हाती आली आहे. मी म्हणालो, साधेच द्या, हिला काय भारी करायचंय? शब्द जवळजवळ तुमचेच होते आणि ते तुमच्याच गाडीवर टाकताना मला खरंच मजा आली. दुसऱ्या दिवशी माल उचलतो म्हणून सांगून मी शीळ घालत घरी आलो.

मायला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती ओट्याशी उभी राहून भाजी निवडत होती, तिला मांडी घालून बसता येत नाही म्हणून मी तो ओटा बांधून घेतलाय. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि वीस वर्षांत त्या दिवसाबद्दल अवाक्षर न काढलेली ती बाई बोलायला लागली.

"हलकं टाकून कोणाला तकलीफ देऊन राहिला तू? त्याला? त्यो तर गेला. गाडी तू चालवनार, शेजारी म्या बसनार. चांगलेच आन. फकस्त ते जादाचे काढून फेक. आन् मग मला नांदेडहून घरापस्तोर आन, मोकळ्या गाडीत. मला बघायचंय, त्यो रस्ताच तसला व्हता का त्या मानसानं केला व्हता."

माझा सूड तिच्यापुढं पोरखेळ होता. मला तुमची गाडी बिघडवायची होती. तिला ती सुधारून, तीत आरामात बसून, तुम्हाला खोटं पाडायचं होतं.

म्हणून मी कंपनीचे पाटे आणले. बुशही कंपनीचेच, शिक्का खरवडून बघून. ओझं आता आरटीओच्या पासिंगमध्ये लिहिलंय तेवढंच भरतो. जादाच्या पाट्यांपैकी एक मायनं लोहाराकडे धाडला आणि त्याची सुरी करून घेतली, बाकीचे भंगारात गेले. पाट्याच्या लोखंडाला धार चांगली राहते. ती रोज त्या सुरीनं कांदा चिरते, आणि पाणी डोळ्यांतून आलं तर कांद्यावर ढकलते.

परवा हळद नांदेडला टाकली आणि मोकळ्या गाडीत तिला घेऊन निघालो. फाट्यापर्यंत आता सिमेंटचा रस्ता आहे, ते श्रेय मी पाट्यांना देत नाही. पण फाट्यावरून गावाकडं वळलो आणि तेच खड्डे आले. गाडी त्यांच्यातून अशी गेली, की तिनं हातातली सुपारी कातरणं थांबवलं नाही. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "लांब न्हाई रे एवढा." मग खिडकीला डोकं टेकून चक्क झोपली. मी गिअर बदलतानासुद्धा जपून बदलत होतो, आणि तुम्हाला मनातल्या मनात म्हणत होतो, बघा, उठून बघा एकदा. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

हे लिहायला बसलो तेव्हा इथंच थांबायचं ठरवलं होतं, तुम्हाला हरवून. पण कागद कुठं धाडायचा नाहीच, तर पुढचंही लिहितो. घरासमोर गाडी थांबवली. नवे पाटे पहिल्यांदाच त्या रस्त्यावरून आले होते, पाटे जागेवर धरणारा सेंटर बोल्ट सरकला नाही ना, एवढंच बघायचं होतं. मी पोतं अंथरलं आणि मोबाइलचा उजेड पाडून खाली शिरलो. पाटे सुरेख बसले होते. किती वेळ बघत राहिलो माहीत नाही. वर केबिनमध्ये माय जागी झाली असावी. तिचा आवाज आला, अगदी शांत, आणि मला आयुष्यात कधी अहोजाहो न केलेली माय म्हणाली, "अवं, आधी मला उतरवा."

मी आलो म्हणालो. आणि उजव्या बाजूचा नट एकदा हातानं पिळून बघितला, मगच बाहेर निघालो.